दोनदा वाढून घेतलेलं

क्ले फोर्क, कॅन्सस
६ मार्च १९८९

प्रिय विनी,

पाकिटामागचं नाव वाचून कपाळाला आठ्या पडल्या असतील तर त्या पुसून टाक. कुणी गेलं म्हणून लिहीत नाहीये. उलट जे उरलेत त्यांच्याबद्दल लिहायचंय.

आपल्या वर्गाला हायस्कूल सोडून येत्या मे महिन्यात पन्नास वर्षं होतात. एकोणीस होतो, अकरा उरलो. १० जूनला, शनिवारी, जुन्या जिममध्ये दुपारचं जेवण ठरलंय. शाळा कधीच शेजारच्या गावी गेली, पण जिम अजून उभी आहे. स्टेजही तेच आहे आणि त्याची डावीकडची फळी अजून करकरते. त्या दिवशी वाटायला एक पुस्तिका काढायची आहे, मंदीच्या वर्षांतल्या आपल्या शाळेच्या आठवणींची. ते काम सगळ्यांनी माझ्या गळ्यात मारलं आणि मी ते तुझ्या गळ्यात मारतेय. तीस वर्षं वर्तमानपत्रात सदर लिहून तू अनोळखी लोकांना हसवलंस. आता ओळखीच्यांना हसव.

मला आठवतं ते असं. धुळीचं वादळ आलं की खिडक्यांच्या फटींत ओले पंचे कोंबायचे आणि दिवे लावून बीजगणित करायचं. बँडच्या पोरांचे झगे पिठाच्या पोत्यांचे होते. घाम आला की रॉस्कोच्या पाठीवर गिरणीचं नाव उमटायचं. आणि ते तळघरातले डबे. प्रत्येकानं घरून काचेच्या बरणीत काहीतरी पातळ आणायचं, झाकणावर नाव चिकटवायचं, आणि प्रुइटबाई साडेदहाला सगळ्या बरण्या मोठ्या परातीत, गरम पाण्यात उभ्या करायच्या. बारा वाजता सगळ्यांना ऊन ऊन जेवण. तुझी बरणी तेवढी तपकिरी कागदात गुंडाळलेली असायची. आम्ही पैजा लावायचो आत काय असेल. रॉस्को म्हणायचा, बँकेच्या कॅशियरच्या घरचं सायीचं सूप आहे, आपली दृष्ट लागू नये म्हणून झाकतात. आता तरी सांगून टाक.

एक गोष्ट मात्र आधीच कानावर घालते. प्रुइटबाई जिवंत आहेत. त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत, सलायनाच्या वृद्धाश्रमात असतात. रॉस्कोनं हे शोधून काढलं आणि आता काही जणांना त्यांना मानाची पाहुणी म्हणून बोलवायचंय. मी सांगितलंय, बाई आल्या तर मी त्या दिवशी जिमच्या स्वयंपाकघरातसुद्धा दिसणार नाही. जेवण मीच रांधणार असल्यामुळे मंडळी जरा गप्प झाली. तुला कारण सांगायला नको. तेव्हा माझ्या शेजारी तूच बसली होतीस.

लवकर लिही. आणि येणार नाही असं लिहू नकोस.

तुझी,
मेडा


सेलम, ऑरेगन
२० मार्च १९८९

प्रिय मेडा,

तुझं अक्षर अजून तसंच, नांगरलेल्या शेतासारखं सरळ. बघून बरं वाटलं.

आठवणींची चार पानं सोबत पाठवतेय. बास्केटबॉलचं लिहिलंय. शाळेत एकच चेंडू होता आणि तो घरजावयासारखा वागायचा, फुगायला वेळ, बसायला वेळ नाही. वार्षिक नाटकाचंही लिहिलंय. त्यात आमच्या दिवाणखान्यातला हिरवा सोफा होता. नायक संवाद विसरला की त्यावर बसायचा, नायिका विसरली की त्यावर बेशुद्ध पडायची, आणि बाकीच्यांनी त्यामागे लपून पुस्तकातून वाचून दाखवायचं. त्या नाटकात कुणी पाठ करून आलं असेल तर तो सोफाच. प्रयोगानंतर तो आमच्या घरी परत आलाच नाही. नट बिघडतात ते असे.

बरणीचं गुपित राहू दे. लिहिणाऱ्या बाईला थोडं गूढ लागतं.

मला यायला जमणार नाही. गुडघे बसमध्ये चढू देत नाहीत, आणि विमानाची मला भीती वाटते. तुम्ही सगळे जमा, माझ्या नावानं ॲपल पायचा एक तुकडा जास्त खा.

आणि मेडा, प्रुइटबाईंना बोलवा. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईवर कसला राग धरायचा? तेव्हा जे झालं ते पोरकटपणाचं होतं. इतक्या वर्षांनी शिळ्या कढीला ऊत आणून कुणाचं पोट भरणार? मोठं मन कर. तुझी आई असती तर तिनंही हेच सांगितलं असतं.

तुझी जुनी मैत्रीण,
विनोना


क्ले फोर्क
२ एप्रिल १९८९

विनोना,

तुझी चार पानं मी इथे वाचून दाखवली. सगळे हसले, रॉस्कोला तर ठसका लागला. सोफ्याचा मजकूर जसाच्या तसा छापणार. पण पत्राच्या शेवटानं माझं दोन दिवस जेवण गेलं. शिळी कढी म्हणालीस. कढी माझ्या घरची होती. शिळी झाली की नाही ते मी ठरवीन. आणि माझ्या आईनं काय सांगितलं असतं हे तू तरी लिहू नकोस.

तुझी आठवण गुडघ्यांबरोबर झिजली असेल, म्हणून पहिल्यापासून सांगते.

एकोणचाळीसचा जानेवारी. आमची जमीन जाऊन दोन वर्षं झालेली, आम्ही सरकारी मदतीवर. हे गावात कुणाला कळू नये म्हणून आई पीठ आणायला मागच्या गल्लीनं जायची. मदत कचेरीतली बाईही नावं कुणाला सांगत नसे, तसा नियमच होता. त्या महिन्यात रेल्वेचा एक डबा भरून ग्रेपफ्रूट आली आणि घरटी एक पोतं मिळालं. संत्र्याच्या दुप्पट पिवळं फळ, आमच्याकडे जन्मात कुणी पाहिलेलं नव्हतं. आईला वाटलं, सलगमासारखी काही भाजी असेल. तिनं ती सालासकट चिरली, मीठ आणि व्हिनेगर घालून तीन तास उकडली, वरून डुकराची चरबी सोडली.

रविवार होता. चर्चमधून तू माझ्याबरोबर जेवायला आलीस. आई म्हणाली, "ही सरकारी भाजी तीन तास उकडली तरी मऊ येत नाही. घे गं पोरी, नाही आवडली तर ठेव बाजूला." वडिलांनी एक घास घेऊन ताट बाजूला सारलं. मी ताटातल्या ताटात फिरवत राहिले. तू सगळं संपवलंस आणि परत मागितलंस.

सोमवारी मी प्रुइटबाईंना हळूच विचारलं. गृहविज्ञान त्याच शिकवायच्या, आणि बरण्यांमुळे कुणाच्या घरी काय शिजतं हे त्यांना तसंही ठाऊक असायचं. त्या म्हणाल्या, हे शिजवत नाहीत, फळ आहे, मधोमध कापून साखर भुरभुरून चमच्यानं खातात. आणि हसल्या. मी घरी येऊन आईला सांगितलं तर ती मटकन खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "आणि त्या पार्डींच्या मुलीनं दोनदा वाढून घेतलं. एक शब्द बोलली नाही. याला संस्कार म्हणतात." एकसष्ट साली जाईपर्यंत ती हे सांगत होती. दर नाताळात तुला काकडीच्या लोणच्याची बरणी पाठवायची ती त्याचसाठी. तुझी आभाराची पत्रं तिनं ट्रंकेत जपून ठेवली होती.

मग मे महिना. निरोपाच्या कार्यक्रमात वर्गाचं मृत्युपत्र वाचायची रीत. शाळा सोडणारा वर्ग म्हणजे जणू मेला, आणि तो आपल्या खोड्या, सवयी, जागा मागच्या वर्गाला ठेवून जातो, प्रत्येकाच्या नावानं एक कलम. रॉस्को वकिलाचा काळा कोट घालून वाचत होता. आई तिसऱ्या ओळीत बसली होती, शेजारणीची टोपी घालून. आणि त्यानं वाचलं, "आल्मेडा स्टोल्ट्झ आपल्या आईची उकडलेल्या ग्रेपफ्रूटची कृती मागे ठेवून जाते. चिमूटभर मीठ, तीन तास आच, आणि एक सरकारी पोतं."

जिम हसून हसून फुटली. सगळ्यात मोठ्यानं ती घरं हसली जी स्वतः गल्लीनं जायची. आईनं हातमोजे चढवले, उठली आणि पूर्ण जिम ओलांडून बाहेर गेली. पदवीच्या दिवशी आली नाही. त्यानंतर त्या इमारतीत तिनं पाऊल टाकलं नाही.

मृत्युपत्रावर प्रुइटबाईंची मंजुरी लागायची. ग्रेपफ्रूटचं बाहेरच्या माणसांत फक्त त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं, आणि त्या कशा हसल्या तेही सांगितलं. त्या वर्षी त्यांचा करार पुढे चालू केला नाही, त्या गाव सोडून गेल्या. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

मृत्युपत्राची एक सायक्लोस्टाइल प्रत रॉस्कोकडे सापडलीय. ती पुस्तिकेत माझ्या कलमासकट छापणार आहे. लाज वाटायचीच असेल तर ती बाईंना वाटू दे. त्यांना बोलवावं की नाही यावर मतं घेतली, पाच विरुद्ध पाच पडली. अकरावं मत तुझं. कोळशाच्या खोलीमागे त्या दिवशी माझा हात धरून बसली होतीस, त्याला स्मरून दे.

मेडा


सेलम
३० एप्रिल १९८९

मेडा,

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली, कारण प्रत्येकात कुठे ना कुठे विनोद आला होता.

ते कलम मी लिहिलं.

बाईंनी एकोणीस कलमं वाचली, खाली सही केली आणि कागद टाइप करायला माझ्याकडे दिला. शाळेत टाइपरायटर दोन, त्यातला एक चालू, आणि त्यावर मी. स्टेन्सिल कापता कापता तुझ्या नावापाशी आले. बाईंनी मंजूर केलेलं कलम सोडून दिलं आणि माझं घातलं. दहा मिनिटं लागली नसतील. खाली 'मंजूर, एल. प्रुइट' असंही मीच टाइप केलं. प्रती निघाल्या त्या सरळ जिममध्ये वाटल्या गेल्या.

वर्गाला हसवायचं एवढंच डोक्यात होतं, असं मी स्वतःला सांगत आले. ते पूर्ण खरं नाही, पण उरलेलं लिहायला हात चालत नाही.

तुझी आई उठली तेव्हा मी पियानोपाशी उभी होते. ती माझ्या समोरून गेली. जाताना माझ्याकडे बघून तिनं मान हलवली, जणू ओळखीचं एक माणूस तरी भेटलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे लोक असतात. मी ते मोजले, वर स्टेजवरून वाचून घेतले.

आणि कोळशाच्या खोलीमागे काय झालं ते तू लिहिलं नाहीस, कदाचित तुला आठवत नसेल. मला शब्द न् शब्द आठवतो. तू रडत विचारलंस, "कुणी सांगितलं असेल गं?" मी विचारलं, "तू कुणाकुणाजवळ बोलली होतीस?" तू म्हणालीस, "फक्त प्रुइटबाईंजवळ." मी म्हणाले, "मग झालं तर." तू विचारलंस, "टाइप करताना तुला दिसलं नाही?" मी म्हणाले, "सही केलेला कागद दिला, मी टाइप केला." त्या जेवणाला मीही हजर होते, हे तुझ्या मनात आलंच नाही, कारण मी दोनदा वाढून घेतलं होतं. बाईंवर मी उघड आरोप केला नाही. पन्नास वर्षं मी तेवढ्या आधारावर उभी आहे. किती पातळ आधार आहे ते आज कागदावर बघतेय.

दुसऱ्या दिवशी तू मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलीस तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होते. आत जायला बारा पावलं होती. मी गेले नाही. नंतर बाई दोन ट्रंका घेऊन स्टेशनवर उभ्या असलेल्या मी आमच्या माडीवरून पाहिल्या, आणि खिडकी लावून घेतली.

लोणच्याच्या बावीस बरण्या आल्या. एकही उघडली नाही. शेजारणीला देऊन टाकायचे आणि मग बसून तुझ्या आईला छानसं आभाराचं पत्र लिहायचे. ती पत्रं तिनं जपून ठेवली हे वाचल्यावर मी तुझं पत्र पालथं घालून ठेवलं.

मागच्या पत्रात तुला मोठं मन करायला सांगितलं तेही मीच. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय जुनी आहे. तुला वाटलं मी बाईंची बाजू घेते. मला फक्त हा विषय माझ्या नावापर्यंत न येता मिटायला हवा होता.

माझं मत, बाईंना बोलवा. मला बोलवू नका. हे पत्र पुस्तिकेत छापलंस तरी माझी हरकत नाही.

विनोना


क्ले फोर्क
२२ मे १९८९

विनोना पार्डी,

तीन आठवडे मुद्दामच लिहिलं नाही. पहिल्या आठवड्यात तुला शिव्या दिल्या. कोंबड्यांना दाणे टाकताना दिल्या, भांडी घासताना दिल्या, चर्चमध्ये दिल्या, आणि त्या काही हळू नव्हत्या. लेक म्हणाली, आई, डॉक्टरकडे जाऊया का. दुसऱ्या आठवड्यात माझी स्वतःची पाळी आली.

बाई हसल्या असं मी तुला लिहिलं. मुख्याध्यापकांनाही हेच सांगितलं होतं, शपथेवर. त्या हसल्या नव्हत्या, विनी. मी ग्रेपफ्रूटचं विचारलं तेव्हा त्यांनी आधी उठून दार लावून घेतलं, कुणी ऐकू नये म्हणून. मग कागदावर कृती लिहून दिली आणि वर म्हणाल्या, "आईला सांग, पहिल्या वेळी मलाही कळलं नव्हतं." मला तेव्हा कुणावर तरी राग काढायचा होता आणि नुसतं 'त्यांना माहीत होतं' एवढं सांगून तो निघेना, म्हणून वर हसणं चिकटवलं. नंतर इतक्यांदा सांगितलं की ते हसणं मलाच ऐकू यायला लागलं.

तिसऱ्या आठवड्यात रॉस्कोला गाडी काढायला लावली आणि सलायनाला गेले. बाई एवढ्याशा झाल्यात, पण ताठ बसतात. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "स्टोल्ट्झ. खिडकीजवळची." मला वाटलं डोकं जरा फिरलंय. मी तुझं पत्र वाचून दाखवलं, मग माझं खोटंही सांगितलं.

मग म्हणाल्या, "मला माहीत होतं. मी मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगितलं, हे कलम माझं नाही, टाइप करताना बदललंय. ते म्हणाले, कॅशियर पार्डींच्या मुलीला सरकारी पोत्यातलं काय कळणार? आणि स्टोल्ट्झची मुलगी तर शपथेवर सांगतेय की तुम्ही हसलात."

मी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"हॉस्पिटलच्या चादरी धुतल्या. सहा वर्षं. मग युद्ध संपलं, शिक्षक मिळेनात, तेव्हा पुन्हा वर्गात घेतलं."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी तुम्ही दोघी आपापसात वाटून घ्या. मला माझं कलम हवंय. मी सही केली होती ते."

आणि म्हणून दाखवलं. अडखळल्या नाहीत. "आल्मेडा स्टोल्ट्झ वाचनालयातली खिडकीजवळची आपली खुर्ची मागे ठेवून जाते. तिथे बसणाऱ्यानं निदान तिच्याइतकं वाचलं पाहिजे." ते त्यांनी स्वतः लिहिलं होतं, मुलांनी नव्हे. माझ्याबद्दल शाळेत कुणी असं काही लिहिलं होतं हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. मी तिथेच रडले आणि रॉस्को खिडकीबाहेर बघत बसला.

त्यांची अट एवढीच आहे. ते कलम त्याच स्टेजवरून वाचलं जावं, आणि जिनं टाइप केलं तिनंच वाचावं. तसं होणार असेल तर त्या येतील, जेवतील आणि परत जातील. नाहीतर येणार नाहीत. मानाची पाहुणी वगैरे म्हणायचं नाही असंही बजावलंय.

म्हणजे तू येतेयस. गुडघ्यांचं मला सांगू नकोस, स्टेजच्या पायऱ्यांना कठडा बसवून घेतलाय. तुझ्यानंतर मी चढणार आहे, बाईंच्या हसण्याचं माझं खोटं सांगायला, सगळ्या नातवंडांसमोर.

तुला माफ केलं का, ते मला अजून माहीत नाही. आल्यावर विचारू नकोस. पण एका गोष्टीचं उत्तर मला आधी हवंय, आणि ते स्टेजवर नको, कागदावर हवं. त्या रविवारी तू दोनदा का वाढून घेतलंस? आमची गंमत करायचं तेव्हाच मनात होतं का? माझी आई बावीस वर्षं त्या दुसऱ्या वाढीचं कौतुक करत जगली. आत काय होतं ते मला कळलं पाहिजे.

मेडा


सेलम
२९ मे १९८९

प्रिय मेडा,

मी ७ जूनच्या बसनं निघते, ९ ला संध्याकाळी पोचेन. रॉस्कोला स्टेशनवर पाठव, तू येऊ नकोस. मला आधी थोडं पाणी प्यायला आणि केस नीट करायला वेळ हवा.

बाईंचं कलम पाठ केलंय. त्याआधी कोणी बदललं, कसं बदललं आणि नंतर कोण गप्प बसलं, एवढं सांगेन. पाच वाक्यं आहेत, आरशासमोर रोज म्हणते. पाचव्यापर्यंत आवाज टिकत नाही अजून. लोक मी बोलायला लागले की हसतात, तशी त्यांना सवय झालीय. कुणी हसलं तर थांबेन आणि पुन्हा पहिल्यापासून सांगेन.

आता तुझा प्रश्न.

माझ्या बरणीत पाणी असायचं. गरम पाणी आणि मीठ, कधी सलगमाचा पाला मिळाला तर तो. बँक तेहतीस साली बुडाली. बाबा त्यानंतरही रोज कॉलर लावून खाली येऊन बसायचे, जणू बँकेला जायचंय. ते म्हणायचे, पार्डींच्या दारात सरकारी पोतं येणार नाही. आलं नाहीच. आम्ही घरातलं एक एक सामान शेजारच्या तालुक्यात पाठवून विकायचो. सोफा नाटकाच्या दुसऱ्या दिवशी तिकडे गेला. मी त्यावर विनोद केला आणि तुम्ही हसलात, तुमचा काय दोष.

बरण्या बाईच पाण्यात ठेवायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझी बरणी उजेडात धरून पाहिली. दुसऱ्या दिवसापासून ती तपकिरी कागदात गुंडाळलेली. मी गुंडाळली नव्हती. बाईंनी मला एका शब्दानं काही विचारलं नाही. आणि मुख्याध्यापक जेव्हा म्हणाले की पार्डींच्या मुलीला सरकारी पोत्यातलं काय कळणार, तेव्हा बाईंजवळ उत्तर होतं, मेडा. तो कागद सोडून दाखवला असता की झालं असतं. त्यांनी ते उत्तर दिलं नाही आणि चादरी धुवायला गेल्या. तुझं पत्र वाचेपर्यंत मला हे माहीत नव्हतं. परवापासून मला आरशासमोर उभं राहायची शरम वाटतेय, ती पाच वाक्यं म्हणायची म्हणून उभी राहते.

त्या रविवारी आमच्याकडे शुक्रवारपासून चूल पेटलेली नव्हती. चर्चनंतर तू "चल आमच्याकडे" म्हणालीस आणि मी नको नको म्हणायला विसरले. ताटात आलं ते ग्रेपफ्रूट आहे हे मी ओळखलं, बँक चालू असताना आमच्याकडे यायचं. कडू होतं, पण ऊन होतं आणि वर चरबी होती. मी संपवलं. मी मागितलं तेव्हा तुझ्या आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यापेक्षा जास्त वाढलं. मला वाटलं, हिनं ओळखलं. आता ही मेडाला सांगणार आणि मेडा शाळेत सांगणार. चार महिने मी रोज वाट पाहिली. तू हसलीस तरी वाटायचं, माझ्यावर हसतेय. मग तुझं कलम टाइप करायला आलं आणि मला वाटलं, सगळं गाव हिच्या ताटाकडे बघत राहिलं की माझ्या बरणीकडे कुणी बघणार नाही. तसंच झालं. पन्नास वर्षं कुणी बघितलं नाही.

आणि आता तू लिहितेस की तिला ते संस्कार वाटले. तिनं काहीसुद्धा ओळखलं नव्हतं.

गंमत नव्हती गं. भूक होती. तिच्या पातेल्यात अजून उरलं होतं, मला दिसत होतं. मी तिसऱ्यांदाही घेतलं असतं. मागायची लाज वाटली.

विनी